ओळखीची लहर

माझ्या बायकोला, हेमाला, जाऊन चार महिने झाले होते तेव्हा रेश्मा तांबोळी माझ्याकडे आली. दुपारचे तीन वाजले असतील. रेश्मा माझी जुनी विद्यार्थिनी. पुण्यातल्या एका लॉ कॉलेजात मी सव्वीस वर्षं लष्करी कायदा शिकवला. कोर्ट मार्शल, सैनिकांचे हक्क, राष्ट्रीय सुरक्षेचे कायदे. हा विषय फारसं कोणी घेत नाही. रेश्माच्या वर्षी चारच मुलं होती, त्यातली तिघं दुसरीकडे जागा मिळाली नाही म्हणून आलेली. चौथी ही. आता ती कोर्ट मार्शलमध्ये जवानांच्या बाजूनं उभी राहते.

मी चहा केला.

"सर, चहात मीठ पडलंय," ती म्हणाली.

"दे इकडे, दुसरा करतो."

"राहू द्या. कोर्टाच्या कँटीनपेक्षा बराच आहे." तिनं कप बाजूला ठेवला आणि फाइल उघडली. "शिपाई हणमंत खिलारे. जत तालुका. वय चोवीस. सीमेवरच्या चौकीत पहारा होता. संध्याकाळची वेळ, धुळीचं वादळ. समोरून एकजण आला, परवलीचा शब्द दिला नाही. यानं गोळी झाडली. मेला तो त्याच्याच बराकीतला लान्सनायक विलास ढोणे."

"चुकून?"

"खिलारे म्हणतो चुकून. हेल्मेट म्हणतंय ओळखून. ढोणेनं गोळीच्या आधी त्याला नावानं हाक मारली होती. ओळखीची लहर गोळीच्या निर्णयाच्या चारशे मिलिसेकंद आधी आली आहे. शिवाय त्याच्या दोन दिवस आधी दोघांचं भांडण झालेलं. म्हणजे खून." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या नियमानं, सर."

नियम माझाच होता, निदान त्याचा मसुदा.

हे यंत्र काय आहे ते सांगतो. ओळखीचा चेहरा दिसला किंवा ओळखीचा आवाज कानावर आला की साधारण एक तृतीयांश सेकंदात मेंदूच्या विजेत एक उंचवटा येतो. अनोळखी आवाजाला तो इतका येत नाही. शास्त्रज्ञांना हे फार पूर्वीपासून माहीत होतं. पण तो मोजायचा तर डोक्याला ओलं मलम लावून, तारा चिकटवून माणसाला गप्प बसवावं लागे. नंतर कोरडं, वीज वाहून नेणारं कापड निघालं. ते हेल्मेटच्या आत शिवता आलं. धावणाऱ्या माणसाच्या गोंधळातून तेवढी एक लहर वेगळी काढणारा प्रोग्रॅमही तयार झाला. सहा आठवडे तो त्या एका जवानाचा मेंदू शिकतो. त्याच्या सोबत्यांचे आवाज ऐकवतो, चेहरे दाखवतो आणि याची लहर कशी दिसते ते पक्कं करतो. बोट हलण्याआधी मेंदूत जी तयारी होते तिचीही नोंद होते. हेल्मेटमध्ये माइक असतो, त्यामुळे आवाज आणि लहर एकाच पट्टीवर उमटतात. आधी ओळख आली की आधी गोळीचा निर्णय झाला, ते पट्टी पाहून सांगता येतं.

पहिल्याच खटल्यात या पट्टीनं एका हवालदाराला फाशीपासून वाचवलं होतं. त्यानंतर नियम करायला समिती नेमली, तिच्यात मी कायद्याचा माणूस म्हणून होतो. नियम असा झाला: ओळखीची लहर गोळीच्या निर्णयाआधी आलेली असेल तर जवानानं ओळखलं होतं असं कोर्ट धरून चालेल. तसं नव्हतं हे दाखवायची जबाबदारी जवानावर. जवानाच्या बाजूनं मी एक अट घालून घेतली. माणसाला न विचारता त्याच्या मेंदूची नोंद कोणी वाचायची नाही. ज्याची नोंद, त्याची शपथेवर साक्ष झालीच पाहिजे. या अटीचा मला अभिमान होता.

"लहर आली म्हणजे माणसाला कळलंच, असं नाही ना सर?" रेश्मा म्हणाली. "मेंदूनं ओळखलं आणि माणसापर्यंत पोहोचलंच नाही, असं होत असेल की."

"होत असेल. दाखवायला हवं."

"कशावरून दाखवू? जवानांच्या हजारो नोंदी आहेत, पण सगळ्या गोपनीय."

ते खरं होतं. पहारेकऱ्याला ओळख पटायला किती वेळ लागतो हे शत्रूला कळलं तर तो तेवढ्या वेळात आत येईल. म्हणून नोंदी बाहेर द्यायच्या नाहीत, असं सुरक्षेच्या बाजूनं ठरलं आणि मीही त्याला मान डोलावली होती.

"अकरा नोंदी मात्र गोपनीय नाहीत," रेश्मा म्हणाली. "तुम्ही अकरा नागरिकांनी चाचणीसाठी तीन महिने घरात त्याच कापडाची, माइक लावलेली टोपी घातली होती. त्या नोंदी ज्याच्या त्याच्या मालकीच्या, हेही तुम्हीच लिहिलंय." मग तिनं फाइल मिटली. "सर, मॅडमचं झालं त्या दिवशी तुम्ही टोपी घातलेली होती?"

"हो."

"आणि त्यांनी हाक मारली असेल तर ती तुम्हाला ऐकू आली नव्हती."

मी काही बोललो नाही. तिनं ते होय समजलं.

हेमा त्या टोपीला टोपडं म्हणायची. "टोपडं घालून जेवायला बसलात, आता भरवू पण का?" आणि एकदा, "डोक्यात काय चाललंय ते मला विचारा की. यंत्र कशाला?" त्या दिवशी सकाळी ती मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी पुढच्या खोलीत समितीच्या मसुद्यावर काम करत होतो. वीस-पंचवीस मिनिटांनी पाणी प्यायला उठलो तेव्हा ती बादलीजवळ पडलेली दिसली. हार्ट अटॅक. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, तसं काही सांगता येत नाही म्हणा.

"त्यांनी हाक मारली नाही का?" हे त्यांनी विचारलं, मग शेजाऱ्यांनी, मग माझ्या मुलीनं, ऋजुतानं. मला ऐकू आली नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते सांगताना आपण खोटं बोलतोय असं मला वाटलं नव्हतं.

ऋजुता नाशिकला असते. तिनं तेव्हा काही म्हटलं नाही. पण रोज येणारा फोन आठवड्यावर गेला.

रेश्माला मी सहीचं पत्र दिलं आणि आम्ही प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या माणसानं ती सकाळ काढली. पडद्यावर दोन रेषा, वर आवाजाची आणि खाली मेंदूची. आवाज त्यानं बंद ठेवला होता, तेवढं त्याला समजलं. वरच्या रेषेत एक छोटासा गठ्ठा दिसला. "ही हाक," तो म्हणाला. त्याच्या खाली, थोडं पुढे, उंचवटा होता. स्वच्छ, शिकवायला वापरावा असा.

रेश्मानं माझा हात धरला. "सर! आली आहे लहर. तुमच्या मेंदूनं मॅडमचा आवाज ओळखला आणि तुम्हाला पत्ताच नाही. अख्खा नियम मोडायला असं एकच उदाहरण पुरे आहे."

मी त्या उंचवट्याकडे बघत होतो आणि मला आठवलं. पेन थांबलं होतं. 'अहो' अशी हाक आली होती आणि मी मनात म्हटलं होतं, चिमटे हवे असतील, अजून एकदा हाक मारेल तेव्हा उठू. मग मी पुढचं वाक्य लिहिलं होतं.

हे मी तिथेच सांगायला हवं होतं. रेश्मा आनंदात होती, प्रयोगशाळेचा माणूस प्रिंट काढत होता. मी म्हटलं, "चल, उशीर होतोय."

पुढच्या आठवड्यात ती मला खिलारेकडे घेऊन गेली. लष्करी कोठडीतली भेटीची खोली. तो उठून ताठ उभा राहिला. बारीक चणीचा मुलगा, कानशिलावर हेल्मेटच्या पट्ट्याचा फिकट डाग.

"बस," मी म्हटलं. "भांडण कशावरून झालं होतं?"

"बादलीवरनं, सायेब. त्येनं माझी बादली घेतली. मी चार शिव्या घातल्या. त्येनं आठ घातल्या. सांजच्याला एका ताटात जेवलो."

"आवाज आला होता का त्याचा?"

"कानावर आला आसंल. मशीन म्हनतंय तर आला आसंल. पर ह्यो विलासदादा हाय आसं मला काय वाटलंच न्हाई. नुसती धूळ आन् त्यातनं कायतरी येतंय." मग तो म्हणाला, "तांबोळी मॅडमनी सांगितलं तुमच्या बाईंचं. वाईट झालं. तुमास्नी ठावं हाय बगा ह्ये कसं आसतंय. दुसऱ्या कुनाला न्हाई पटायचं."

मी मान हलवली. ती कशासाठी हलवली, मला सांगता येणार नाही.

रेश्मानं माझी नोंद कोर्टात दाखल केली. एकदा दाखल झाली की ती मागे घेता येत नाही, आणि माझ्याच अटीप्रमाणे मला शपथेवर साक्ष द्यावी लागणार होती. आदल्या दिवशी ऋजुता आली. तिनं रेश्माशी बोलून सगळं समजून घेतलं होतं. स्वयंपाकघरात ती डबे पुसून त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवत होती. साखर, मीठ, रवा.

"बाबा, खरं सांगू? मला इतके दिवस वाटत होतं की तू ऐकलंस आणि उठला नाहीस. तुझी सवयच ती. आईला एका हाकेत तू कधी ओ दिलीस?"

"नाही दिली."

"पण मेंदूला ऐकू आलं आणि तुला नाही, असं असतं हे मला माहीतच नव्हतं. मी उगाच तुझ्यावर राग धरला." तिनं तोंड फिरवलं. "उद्या मी येते कोर्टात."

तेव्हाही मी बोलू शकलो असतो.

कोर्ट एका जुन्या मेसच्या हॉलमध्ये भरलं होतं. मध्ये ब्रिगेडियर, दोन्ही बाजूंना चार अधिकारी, कडेला त्यांना कायदा सांगणारा जज ॲडव्होकेट. सरकारी बाजूनं कर्नल बिश्त. कामकाज हिंदी-इंग्रजीत चाललं, मी इथे मराठीत देतो. खिलारे टोपी आणि पट्ट्याशिवाय उभा होता, आरोपीला ते काढावे लागतात. ऋजुता मागच्या खुर्चीवर बसली होती.

मी शपथ घेतली. नोंद लावली. या वेळी आवाजासकट.

"अहो."

एकदाच. थकलेला नाही, घाबरलेला नाही, रोजचाच आवाज. इतक्या महिन्यांनी तो ऐकला.

रेश्मानं नोंद बंद करवली. "प्रोफेसर, या हाकेनंतर तुमच्या मेंदूत ओळखीची लहर आली आहे. त्या क्षणी ही हाक तुम्हाला ऐकू आली होती का?"

सव्वीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की शपथेला अपवाद नसतो, समोर कोण उभं आहे ते बघून शपथ बदलत नाही. खिलारे माझ्याकडे बघत होता.

"हो," मी म्हणालो.

"सर, प्रश्न परत विचारू का?"

"नको. ऐकू आली होती. मी उठलो नाही."

रेश्मा खाली बसली. कर्नल बिश्त उठले. ते सभ्य गृहस्थ होते, त्यांनी आवाजही चढवला नाही. "म्हणजे लहर खरं सांगत होती?"

"माझ्या बाबतीत, हो. एका माणसावरून सगळ्यांचं ठरत नाही. खिलारेच्या बाबतीत..."

"धन्यवाद. माझा प्रश्न तुमच्याबाबतच होता."

खिलारेला जन्मठेप झाली. निकालात माझी साक्ष दोन ठिकाणी आहे.

बाहेर व्हरांड्यात रेश्मा मला म्हणाली, "लॅबमध्येच बोलला असतात तर मी तुम्हाला आणलंच नसतं. दुसरं काहीतरी शोधलं असतं. जो प्रश्न विचारायचा त्याचं उत्तर आधी माहीत पाहिजे, तुम्हीच शिकवलंत ना? मला वाटलं, मला माहीत आहे." ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

ऋजुता गाडीजवळ उभी होती. "काल स्वयंपाकघरात मी बोलत होते तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"तू खोटं बोलला असतास तरी चाललं असतं मला, बाबा. तो पोरगा सुटला असता. आणि मला कधी कळलंही नसतं." ती तशीच नाशिकला गेली.

यानंतर मला घरात बसवेना. एक उदाहरण पुरे, असं रेश्मा म्हणाली होती. ते मी नव्हतो. पण टोपी घातलेले आणखी दहाजण होते. मी एकेकाला फोन केला, त्यांच्याकडून अर्ज करवून नोंदी मागवल्या आणि त्यांच्या घरी जाऊ लागलो. प्रत्येकाला विचारायचो, तीन महिन्यांत अशी एखादी हाक होती का, जी मारणारा म्हणतो मारली आणि तुम्ही म्हणता ऐकलीच नाही? पाच घरांत असं काही घडलेलंच नव्हतं. दोघांकडे घडलं होतं, पण नोंदीचा कागद समोर ठेवल्यावर दोघंही म्हणाले, ऐकू आली होती हो, आता आठवतंय.

आठव्या, वाईच्या पद्मजाबाई रसाळ. निवृत्त मुख्याध्यापिका. भाऊ आणि त्या दोघंच राहतात. सतरा तारखेला भाऊ जळमटं काढताना शिडीवरून पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. पडायच्या आधी त्यानं शिडी धरायला हाक मारली होती. बाई शेजारच्या खोलीत निवडत बसल्या होत्या.

"मला काही ऐकू आलं नाही," बाई म्हणाल्या. "तेव्हापासून हा रोज टोमणे मारतो."

"बहिरी आहे म्हण, मग मी सोडतो," भाऊ कॉटवरून म्हणाला.

मी कागद काढून दाखवला. हा आवाज, ही लहर. बाईंनी चष्मा लावला. बराच वेळ त्या बघत राहिल्या. त्यांचा चेहरा बदलत गेलेला मला दिसला.

"ऐकलं होतं मी," त्या हळू म्हणाल्या. "मला वाटलं मांजराला हाकलतोय. हातात तांदळाचं ताट होतं. हो. ऐकलं होतं."

परतीच्या बसमध्ये मी कागद नीट लावत होतो तेव्हा वरची तारीख वाचली. सात. मी त्यांना दहा दिवस आधीचा कागद दाखवला होता. त्यावरची हाक दूधवाल्याची होती. सतराचा कागद खाली होता. तो काढला. भावाची हाक होती. तिच्याखाली रेघ सपाट होती, उंचवटा नव्हताच. बाईंच्या मेंदूपर्यंत ती हाक गेलीच नव्हती.

मी तिथूनच त्यांना फोन केला. माझी चूक झाली, कागद दुसऱ्या दिवसाचा होता, तुम्हाला खरंच ऐकू आलं नव्हतं, असं सांगितलं.

"नाही हो," बाई म्हणाल्या. "ऐकलंच होतं मी. ताट बाजूला ठेवावं असं मनातही आलं होतं. आता तुम्ही काहीही सांगा."

घरी येईपर्यंत मला या यंत्राचं एक काम कळलं होतं, जे समितीत आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नाही. लहर दाखवली की माणूस तिला जुळेल अशी आठवण तयार करतो. आणि ती आठवण खऱ्या आठवणीसारखीच दिसते, तिच्यात ताट असतं, मांजर असतं. आधी नोंद दाखवायची आणि मग शपथ द्यायची, ही पद्धतच चुकीची होती. साक्षीची अट मी जवानाच्या भल्यासाठी घातली होती. ती साक्ष नोंद बघायच्या आधी घ्यायची, एवढं लिहायचं राहिलं.

रेश्माला मी सगळं सांगितलं. ती दोन महिन्यांनी पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलली. "अपिलाला हे पुरेल, सर. निकाल तुमच्या साक्षीवरच टेकलाय, ती गेली की तोही टिकत नाही. पण तुम्हाला प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल, की तुमची साक्ष भरवशाची नव्हती. पेन थांबणं, चिमटे, हे सगळं लॅबमध्ये पडदा बघितल्यावर आठवलं ना? त्याआधी नाही?"

"त्याआधी नाही."

"नक्की?"

मी विचार केला. आधीचे चार महिने मी रात्री अंथरुणात पडून काय आठवत होतो, ते मला आता सांगता येत नाही. जे आठवतं त्यात चिमटे आहेतच.

"नक्की नाही," मी म्हणालो.

"तसंच लिहू. नक्की नाही, एवढंही चालेल."

ऋजुताला मी फोन केला. पद्मजाबाईंचं सांगितलं.

"मग तू आईची हाक ऐकली होतीस की नव्हतीस?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"म्हणजे आता ते कधीच कळणार नाही. मलाही नाही."

"ऐकलं म्हणाला असतास तर मी तुझ्यावर रागावले असते," ती म्हणाली. "नाही ऐकलं म्हणाला असतास तर रागावले नसते. आता मी काय करू?"

सोमवारी नोटरीकडे जातोय, एवढं मी सांगितलं. "ठेवते," ती म्हणाली.

सोमवारी नोटरीकडे गेलो. प्रतिज्ञापत्र एका पानाचं आहे. माझ्या पत्नीची हाक मला ऐकू आली होती किंवा नाही, हे मी शपथेवर सांगू शकत नाही, असं त्यात लिहिलं आहे. नोटरीनं ते वाचलं, वर पाहिलं, पुन्हा वाचलं. "मजकूर बरोबर आहे ना, सर?" त्यानं विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हणालो आणि सही केली. खिलारेला सोडवायला ते पुरेल असं रेश्मा म्हणते.